बाद पेटीतली स्लाइड

९ फेब्रुवारी

आज मॅडमनी माझी लॅबची वही तपासली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ अशी होती: "रंग देताना हात थोडा थरथरला, पण बहुधा फरक पडला नसावा." मॅडम म्हणाल्या, फरक पडला की नाही तेवढं इथे लिही. थरथर आणि 'बहुधा' घरच्या वहीत लिही.

म्हणून ही वही.

दवाखान्याच्या लॅबमध्ये लागून मला सात महिने झाले. रक्ताच्या आणि हाडांतल्या मज्जेच्या स्लाइडी रंगवायच्या, नंबर घालायचे, मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या. निदान मॅडम करतात. माझ्या वरचे तंत्रज्ञ म्हणजे भिंगकाका. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेत म्हणून हे नाव. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय आणि त्यावर सगळी लॅब हसते, सर्वांत जास्त ते स्वतः.

काचेवर नंबर कोरायला मी बाबांची काच कापायची जुनी कलम वापरते, हिऱ्याच्या टोकाची. लॅबची पेन्सिल पुसट उमटते. बाबा आणि दादा खिडक्यांच्या चौकटी करतात. कलम देताना बाबा म्हणाले होते, जपून, हिच्यानं काढलेली रेघ परत मिटत नाही.

१२ फेब्रुवारी

दादा आज करवत ठेवून तीनदा खाली बसला. मी मोजलं. चेहरा कागदासारखा. हिमोग्लोबिन सात. तसं ते कधीच आठाच्या वर गेलेलं नाही.

लोहाच्या गोळ्या तो दहा वर्षं घेतोय. सुरुवात माझीच. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं: त्वचा फिकट, धाप, थकवा, म्हणजे लोहाची कमतरता. मी ते पान घरात मोठ्यानं वाचलं होतं. आईबाबांना वाचता येत नाही. बाबांना टेपवरचे आकडे कळतात, अक्षरं नाहीत. घरात पहिल्यांदाच कोणीतरी पुस्तकातून काहीतरी काढून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी गोळ्या आणल्या. मग त्याला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं रक्त बघून त्याच गोळ्या लिहून दिल्या. त्याच्या लाल पेशी लहान आणि फिकट आहेत, लोह कमी असलं की असतात तशाच.

आई तेव्हाही म्हणाली होती, आमच्याकडच्या पुरुषांना लोखंड मानवत नाही, माझ्या भावाला मानवलं नाही. मामा तिशीतच गेला, तोही असाच पांढराफटक. मी तिला म्हटलं होतं, आई, लोखंड न मानवणं असं काही नसतं. तिनं ऐकलं. माझं सगळेच ऐकतात.

दादा म्हणतो, "दहा वर्षं लोखंड चघळतोय. जिभेची बिजागरी झाली, अजून कुरकुरते मात्र."

१८ फेब्रुवारी

मॅडमशी बोलले. रक्तातून लोहाचा साठा मोजायची तपासणी आमच्याकडे होत नाही, बाहेर पाठवली तर उत्तराला महिना जातो. त्या म्हणाल्या, मज्जाच बघू, साठा तिथेच दिसतो. पुढच्या आठवड्यात दादाला आणायचं ठरलं.

भिंगकाका आजपासून रजेवर. एका डोळ्याचं ऑपरेशन, ते भरून आलं की दुसऱ्याचं. निदान साडेतीन महिने. निरोप घेताना काकांनी मला शिक्का, चाव्या आणि बाद पेटी सोपवली. बाद पेटी म्हणजे बिघडलेल्या स्लाइडींची लाकडी पेटी. काका म्हणाले, बाद झालेली काच फेकायची नाही, आपण कुठे चुकलो ते तीच सांगते.

२१ फेब्रुवारी

आज जीव अर्धा झाला. लोहाच्या रंगाच्या सगळ्या स्लाइडी खराब.

ही तपासणी सोपी आहे. दोन द्रावणं मिसळून स्लाइडवर ओतायची, जिथे लोह असेल तिथे निळा रंग येतो. आज अकरा स्लाइडींवर निळेच निळे ठिपके, पेशींवर, पेशींच्या मधे, जिथे काहीच नाही अशा मोकळ्या काचेवरसुद्धा. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं होतं आणि मी नळाच्या पाण्यानं बरण्या विसळल्या होत्या. टाकीचे पाइप नुकतेच बदललेत. गंजच धुतला म्हणायचा मी स्लाइडींवर.

काकांना घरी फोन केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाण कुठेही बसते. रोग जागा बघून बसतो. तेवढं लक्षात ठेव."

बरण्या आम्लानं धुतल्या, तीनदा. शेजारच्या विभागातून शुद्ध पाणी मागून आणलं. अकरा रुग्णांची तपासणी परत करावी लागणार. मॅडमनी नुसती यादी मागून घेतली, तेच जास्त लागलं.

२४ फेब्रुवारी

दादाची मज्जा काढली. कमरेच्या हाडातून काढतात. दादानं दात आवळले नाहीत, मीच आवळले. सुई बाहेर आल्यावर तो डॉक्टरांना म्हणाला, भोक चांगलं पाडलंत, आता स्क्रू कुठला बसवणार.

घरच्या माणसाची स्लाइड स्वतः करायची नसते. पण काका नाहीत, दुसरं कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, कर, मी बघणारच आहे. चार स्लाइडी पसरवल्या. दोन साध्या रंगासाठी, दोन लोहासाठी. नंबर कोरला: ४१७.

२५ फेब्रुवारी

पुन्हा तेच. दादाच्या पहिल्या स्लाइडवर निळं.

या वेळी ठिपके बारीक, आणि कोवळ्या लाल पेशींच्या केंद्रकाला लागून, एकापुढे एक, मण्यांच्या माळेसारखे. काही पेशींत माळ पुरी गोल फिरलेली. दिसायला सुंदर, म्हणून आणखीच राग आला. बरणीच्या कुठल्या कोपऱ्यात अजून गंज राहिलाय कोण जाणे. सोबत स्वच्छतेची खातरजमा म्हणून रंगवलेली दुसऱ्या एका रुग्णाची स्लाइड मात्र स्वच्छ निघाली, एक ठिपका नाही. म्हणजे नेमकी दादाच्याच काचेवर माझी घाण पडली. हात थरथरत होता हे खरं.

दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून प्यायला हवं. स्लाइडच्या कडेला कलमेनं 'बाद' कोरलं आणि पेटीत ठेवली. लोहासाठी राखलेली दादाची दुसरी स्लाइड नव्या बरणीत, नव्या पाण्यात रंगवली. ही स्वच्छ. निळं नावाला नाही. लोहाचा साठा ज्यांत दिसतो ते मज्जेचे कण या स्लाइडवर फारसे आले नव्हते, बरंचसं रक्तच होतं. पण स्वच्छ होती.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी स्लाइड बघितली. विचारलं, कण आहेत ना पुरेसे? मी म्हटलं, एकदोन आहेत. मग विचारलं, दुसरी कुठे?

मी म्हटलं, खराब झाली होती, टाकली.

टाकली नव्हती. पेटीत आहे. पण पेटी उघडली असती तर मॅडमनी आठवड्यात दुसऱ्यांदा माझी घाण बघितली असती, तीही माझ्याच भावाच्या काचेवर. त्यांच्या टेबलावर आणखी साठ स्लाइडी होत्या. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं: साठ्यात लोह नाही.

म्हणजे दादाच्या अंगात लोह नाहीच. गोळ्या पचत नाहीत, आता शिरेतून द्यायचं. दहा वर्षं मी बरोबर होते. हे लिहिताना मला बरं वाटतंय आणि बरं वाटतंय याची लाजही वाटतेय.

'टाकली' हा शब्द सोडला तर आज मी काही चूक केलेली नाही.

७ मार्च

पहिलं इंजेक्शन. लोहाचं द्रावण चहाच्या काढ्यासारखं काळपट, हळूहळू शिरेत उतरतं. अशी सहा घ्यायची आहेत. आई बाकावर बसून नळीकडे बघत होती. मला म्हणाली, "हे आता थुंकताही येणार नाही त्याला."

मी तिला समजावलं. स्लाइड बघितलीय, लोह नाही, मॅडमची सही आहे. तिनं पदरानं त्याचा घाम पुसला आणि ती म्हणाली, तू बघितलंस ना, मग झालं.

२ एप्रिल

चार इंजेक्शनं झाली. हिमोग्लोबिन सातच. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो.

दादा काळवंडलाय. चेहरा आणि हातांची मागची बाजू राखट, जुन्या शिशासारखी. आई म्हणते, मामापण शेवटी असाच झाला होता. मी म्हटलं, चौकटी उन्हात ठेवून रंगवतो, उन्हानं झालं असेल. बाबाही उन्हात असतात आणि ते तसे झाले नाहीत, हे मला आत्ता लिहिताना सुचलं. पण बाबांचं वय वेगळं, कातडी वेगळी.

२८ एप्रिल

इंजेक्शनं संपली. आज मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की गेल्या दोन महिन्यांत एकही स्लाइड परत करावी लागली नाही. "हिचा हात स्वच्छ आहे." घरी बाबांना सांगितलं तर त्यांनी काम थांबवून शेजारच्या सुताराला जाऊन सांगितलं.

पेटीत एक स्लाइड आहे हे बाबांना कसं माहीत असणार.

१९ मे

दादाच्या पावलांना सूज. बोट दाबलं की खळगा राहतो. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो आणि कठड्याचं लाकूड तपासत असल्यासारखं करतो, म्हणजे धाप लागलीय असं आम्हाला वाटू नये. लघवीत साखरही निघाली. सव्वीस वर्षांच्या माणसाला.

डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करायला सांगितलीय आणि लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी बाहेर पाठवलीय. मी विचारलं, कशाला, मज्जेत बघितलंय की. ते म्हणाले, बघू तरी.

माझी पदविकेची परीक्षा सप्टेंबरात. पुस्तक इंग्रजीत, शब्दकोश शेजारी घेऊन दिवसाला चार पानं होतात. दादा म्हणतो, या वेगानं मी बरा होईन, मग तुला कळेल मला काय झालं होतं.

३ जून

आज रविवार. हीमचं प्रकरण सुरू केलं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आतला तो चपटा भाग, ज्याच्या मधोमध लोहाचा एक अणू बसतो आणि श्वासातला प्राणवायू धरतो. मॅडमनी शुक्रवारी फळ्यावर काढून दाखवलं होतं, म्हणून पानं भरभर गेली.

पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणायचे. पेशीला ताकद पुरवतात, एवढंच मला पाठ होतं. पण हीमचं काम तिथेच सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यांच्या स्वतःच्या भट्टीतून निघालेला एक तुकडा आणि बाहेरून आलेला ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा तुकडा, हे दोन आत जोडले जातात. जोडणारं एक एन्झाइम असतं आणि त्याला काम करायला बी-सहा जीवनसत्त्व लागतं. मग तो जोड बाहेर येतो, बाहेर त्याचं कडं तयार होतं, आणि शेवटच्या हातासाठी पुन्हा आत जातं. लोह आतच बसवतात.

दादाला सांगितलं. शेडमध्ये खाटेवर पडला होता, हल्ली बाबा एकटेच रंधा मारतात आणि तो पडून मापं सांगतो. मी म्हटलं, ही शेड म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. पहिला सांधा तू इथे करतोस, मग चौकट रंगवायला बाहेर, मग काच बसवायला पुन्हा आत. काच म्हणजे लोह.

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "आणि पहिला सांधाच झाला नाही तर? काचवाला थोडाच थांबतो. तो आणून टाकतोच."

मी म्हटलं, पुढच्या पानावर असेल.

तो म्हणाला, आपल्याकडे झालं होतं की, मी तापानं पडलो तेव्हा. बाबांनी काचा चारही भिंतींना लावून ठेवल्या, गोल, आणि मधे उभं राहायला जागा नाही. मग एक सरकली आणि सगळ्या फुटल्या. ते सांगताना त्याला धाप लागली, म्हणून विषय सोडला. पुढचं पान उद्या.

५ जून

हृदयाची तपासणी झाली. हृदय पसरलंय, जोर कमी. दादाला आमच्याच दवाखान्यात दाखल केलं, वरच्या मजल्यावर. पुस्तक उघडलेलं नाही.

११ जून

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

भिंगकाका आज कामावर आले. दोन्ही डोळे नवे. म्हणाले, आधी डोळे तपासून बघू दे, एखादी काच दे, महत्त्वाची नको. मी बाद पेटी पुढे केली. त्यांनी वरच्या दोनतीन बघितल्या, हसले, "गंज, गंज, आणि हा पण गंज." मग एक लावली. खूप वेळ स्क्रू पुढे-मागे फिरवत राहिले.

"ही कोणाची?"

मी नंबर बघितला. ४१७. म्हटलं, ती गंजाची, फेब्रुवारीतली.

काका उठले आणि मला खुर्चीवर बसवलं. "मोकळ्या काचेवर बघ. आहे निळं?"

नव्हतं.

"पांढऱ्या पेशींवर?"

नव्हतं.

"मग ही कसली घाण, जी बाकी सगळं सोडून फक्त कोवळ्या लाल पेशीत शिरते आणि केंद्रकाभोवती गोल बसते? तिथे काय असतं?"

मी म्हटलं, मायटोकॉन्ड्रिया. म्हणताना मला दादाच्या काचा दिसल्या, चारही भिंतींना, गोल.

काका म्हणाले, मोज. शंभर कोवळ्या पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती जणींना कडं आहे ते लिहायचं, अशी रीत आहे. मला मोजायचं नव्हतं. काका म्हणाले, मोजल्याशिवाय उठायचं नाही. एकसष्ट निघाल्या. पुन्हा मोजल्या. त्रेसष्ट.

पहिला सांधाच होत नाही. चौकट बनत नाही म्हणून रक्त फिकं, आणि लोह येतच राहतं, आत साठतं, वापरलं जात नाही. शरीराला वाटतं रक्त कमी आहे, म्हणून ते आणखी लोह ओढतं. वरून आम्ही देतो. दहा वर्षं गोळ्या, सहा वेळा शिरेतून. उरलेलं यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात.

पुढच्या पानावरच होतं. रंगीत चित्र होतं. माझ्या स्लाइडसारखंच, फक्त माझी जास्त स्वच्छ आहे.

काखेत कळसा होता. त्यावर मी 'बाद' कोरलं.

काकांनी विचारलं, ४१७ कोण? मी सांगितलं. त्यांनी चष्मा नसताना चष्मा काढायला हात नेला.

११ जून, पुढे

मॅडमकडे एकटीच गेले. काका येतो म्हणाले, मी नको म्हटलं. स्लाइड टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मी टाकली म्हटलं होतं, टाकली नव्हती.

मॅडमनी बघितलं. मग दादाच्या वॉर्डला फोन केला: लोह बंद, बी-सहा सुरू, मोठ्या मात्रेत, आत्ता. फोन ठेवून म्हणाल्या, "दुसऱ्या स्लाइडवर पुरेसे कण नव्हते. ते मलाही दिसायला हवं होतं. सही माझी आहे."

मी म्हटलं, पण तुम्ही विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं.

"हो," म्हणाल्या. "तेही आहे."

त्यांनी मला रागवावं असं वाटत होतं. त्यांनी मला आईकडच्या घराण्याबद्दल विचारलं. मामा होता का असा? हा दोष आईकडून मुलग्यात येतो, बायकांत बहुधा लपून राहतो. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं: आमच्याकडच्या पुरुषांना लोखंड मानवत नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

१४ जून

बाहेर पाठवलेली रक्ततपासणी आली. लोहाचा साठा किती, तर यंत्र मोजू शकतं त्याच्या वर. आकडाच नाही, नुसतं 'पेक्षा जास्त'.

अंगातलं लोह बाहेर काढणारं औषध चोवीस तास सुईतून चालू केलंय. लघवी तांबडी होते. दादा म्हणाला, गंज निघतोय वाटतं. मी बाथरूममध्ये जाऊन आले.

बी-सहाची गोळी पांढरी, इवलीशी. तो हातात घेऊन बघत होता. म्हणाला, एवढ्याशा खिळ्यावर अडलं होतं होय.

त्याला सगळं सांगितलं. पेटीचंपण. त्यानं विचारलं, "बरोबर करवतीनं कापूनही लाकूड कधीकधी फाटतं, माहितीये ना?"

मी म्हटलं, लाकूड फाटलं नव्हतं. मी चांगलं लाकूड जाळलं.

तो म्हणाला, "बरं, जाळलंस. आता उशी वर कर."

२३ जून

रक्तात नव्या लाल पेशी वाढल्यात. स्लाइड मी केली नाही, काकांनी केली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चारवरून सात पूर्णांक एक. गोळी लागू पडतेय. मायटोकॉन्ड्रियात पहिला सांधा होतोय. मी जिन्यात बसून हा आकडा हातावर लिहिला, लहानपणी उत्तरं लिहायचे तसा.

हृदयाचे ठोके मधेच सुटतात.

२ जुलै

सात पूर्णांक नऊ. ओठांना रंग दिसतो. आई म्हणाली, जन्मल्यावर पहिल्यांदा याचे ओठ असे दिसतायत. बाबांनी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की औषध माझ्या मुलीनं शोधून काढलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझे हात हातात घेतले. मी काढून घेतले नाहीत. ते का घेतले नाहीत?

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, रक्ताचं चांगलं चाललंय, पण हृदयाच्या स्नायूत जे साठलंय ते काढायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेवढा वेळ मिळाला तर. मी विचारलं, फेब्रुवारीत कळलं असतं तर? ते म्हणाले, असं विचारू नये. म्हणजे उत्तर आहे.

९ जुलै

दादा सकाळी सव्वादहाला गेला. चहाचा कप हातात होता. ठोका सुटला तो परत लागला नाही.

१० जुलै

काल सकाळी आठला घेतलेल्या रक्ताचा कागद आज टेबलावर होता. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं.

कामावर का गेले होते, माहीत नाही.

२ ऑगस्ट

मॅडमना ४१७ शिकवण्याच्या पेटीत ठेवायची आहे. इतकी स्पष्ट कडी त्यांनीही क्वचित बघितलीत. मी काठावरचं 'बाद' घासून काढायचा प्रयत्न केला. बाबा खरं सांगत होते, मिटत नाही. काका म्हणाले, राहू दे, पोरं आधी तो शब्द वाचतील, मग आत बघतील. तेवढं शिकली तरी खूप.

मी राजीनामा लिहून नेला होता. मॅडमनी वाचून परत दिला. म्हणाल्या, या पुढे बाद ठरवायची प्रत्येक स्लाइड दोघांनी बघायची, असा नियम केलाय. दुसरी तू. आता जा म्हणून सोपं करणार नाही मी तुला.

५ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती, निवडतच राहिली. मी गोळ्यांपासून सांगितलं, दहावीच्या पुस्तकापासून. स्लाइड, 'टाकली', इंजेक्शनं, सगळं.

तिनं एकच विचारलं. "माझ्या भावालापण हीच पांढरी गोळी चालली असती?"

मी म्हटलं, बहुतेक.

तिनं ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "मी सांगितलं होतं. पण मी अडाणी, मलाच खात्री नव्हती." आणि मग, "यांना सांगू नकोस. यांच्याकडे आता तुझं शिक्षण तेवढं उरलंय."

मी म्हटलं, न सांगणं म्हणजे पुन्हा 'टाकली' म्हणणं. ती म्हणाली, मग पुन्हा म्हण.

१२ ऑगस्ट

बाबा एकट्यानं चौकटी करू शकत नाहीत. सांधे दादा करायचा. शेडमध्ये तावदानं येऊन पडलीत, आधीच सांगून ठेवलेली, भिंतींना लावून. आज काचवाल्याला चिठ्ठी लिहायची होती. बाबांनी मला बोलावलं, खाटेवरची धूळ झटकून बसायला जागा केली, दादाच्या खाटेवर. स्वतः उभं राहून सांगत होते.

"लिही. आमच्याकडे चौकटी होत नाहीत. काचा पाठवू नका. आहेत त्या ठेवायला जागा नाही."

मी तसंच लिहिलं.

सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं होतं. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, अक्षरांवरून बोट फिरवलं, जसं रंधा मारल्यावर लाकडावरून फिरवतात. मग परत दिला.

म्हणाले, "तू लिहिलंयस म्हणजे चूक नसणार."

मी कागद घेतला आणि पुन्हा वाचला. मग आणखी एकदा. बाबा तोवर थांबले.